समुद्र नाही, तरी मीठ: पूर्णेकाठच्या खाऱ्या विहिरींची गोष्ट

बरेच दिवस तुमचे मेसेज येतायत, "ताई, जुनी चर्च झाली, किल्ले झाले, लेणी झाली. आता तुमच्या गावाकडचं काहीतरी सांगा ना." पंचाईत अशी की आमच्याकडे यातलं काहीच नाही. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातली. किल्ला बघायचा तर नरनाळ्याला, म्हणजे अकोला जिल्ह्यात जावं लागतं. लोणारचं सरोवर जिल्ह्यात आहे खरं, पण ते पार दुसऱ्या टोकाला. आमच्या वाट्याला काय आलं? काळी जमीन, कापूस, तूर, आणि खारं पाणी.

तर आज खाऱ्या पाण्याबद्दल. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

झालं असं की मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, वावरातली विहीर बुजवून टाकतो. जेसीबीवाला इकडंच आहे, दोन तासांचं काम." त्याचं चूक नव्हतं. त्या विहिरीचं पाणी पिता येत नाही, पिकाला देता येत नाही, वरून एकदा वासरू पडलं होतं. पण आजी उठून बसली. "बुजवू नोको रे बाप्पा. तिनं काय घेतलं तुह्यं?" भाऊ गप्प बसला. मी मात्र विचारात पडले, की ज्या पाण्याला आजी जन्मभर शिव्या देत आली, त्या विहिरीसाठी ती भांडते कशाला?

आधी ज्यांना हे पाणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत एक लांबलचक पट्टा आहे, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. साधारण ४,७०० चौरस किलोमीटर. सरकारच्या पोकरा योजनेत या पट्ट्यातली ९३२ गावं धरली आहेत, म्हणजे दोन-चार गावांचं दुखणं नाही हे. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. चहात दूध टाकलं की कधी कधी फाटतं. आजीच्या घरी वरणाचा गुंड वेगळा असायचा, त्यात फक्त गोडं पाणी, आणि त्याला आम्ही पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा. "तिकडं पोरगी देऊ नोका, पाणी खारं हाय," हे वाक्य मी सोयरिकीच्या बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. माझ्याच आत्याच्या वेळी.

आता गंमत बघा. संग्रामपूरहून उत्तरेला सोनाळा, टुनकीकडं गेलात की सातपुडा समोर उभा राहतो आणि पाणी गोडं लागतं. संत्र्याच्या बागा दिसतात. तिथून खाली दक्षिणेला पूर्णेकडं सरकत या, तसं पाणी खारट होत जातं. एकाच तालुक्यात, मोटारसायकलवर तासाभराच्या आत, पाण्याची चव बदलते. लहानपणी आम्हाला सांगायचे की इथं पूर्वी समुद्र होता, तो आटला आणि मीठ राहिलं. मी शाळेत हे ठासून सांगितलं होतं. सरांनी मान डोलावली होती.

समुद्राची गोष्ट ऐकायला झकास आहे, पण खरी गोष्ट त्याहून भारी आहे. खाली दख्खनचा काळा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठमोठे तडे गेले, त्यांना भ्रंश म्हणतात. त्या तड्यांच्या दक्षिणेचा भाग खाली बसत गेला. डोंगर वर, खोरं खाली. मग डोंगरातून येणाऱ्या नद्यांनी ते खोरं गाळानं भरायला घेतलं. जड दगडगोटे पायथ्याशीच पडले. त्यांच्या फटींतून पावसाचं पाणी मुरतं, वाहतं राहतं, म्हणून सोनाळ्याकडं पाणी गोडं. बारीक चिकणमाती मात्र वाहत दूर पूर्णेपर्यंत आली आणि साठत गेली. शेकडो मीटर जाडीचा गाळ आहे हा. मधल्या काळात हवा कोरडी असताना पाणी उन्हानं उडालं आणि त्यातले क्षार मातीत राहिले. ही माती इतकी चिवट की पुढं पाऊस वाढला तरी ते क्षार धुऊन गेले नाहीत. म्हणजे आमच्या विहिरीत जे खारटपण आहे ते आटलेल्या समुद्राचं नाही, न आलेल्या पावसाचं आहे.

याच गाळात अजून एक पाहुणा पडून आहे. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी साधारण ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला. त्याची राख समुद्र ओलांडून भारतावर पडली. नर्मदेच्या, सोन नदीच्या आणि आपल्या पूर्णेच्याही गाळात त्या राखेचे थर सापडलेत. मी हे वाचलं तेव्हा आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग चूल पेटवायले राखेची काय कमी!" (तिला फार कौतुक वाटलं नाही.)

बरं, आता इतिहासाकडं. १८६९ साली ए. बी. वाईन नावाच्या भूवैज्ञानिकानं पूर्णेच्या खोऱ्यावर एक टिपण छापलं. लगेच १८७० साली आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्यानं वऱ्हाडचं गॅझेटिअर काढलं. त्या काळातल्या नोंदींत हे खारं पाणी शाप म्हणून येत नाही, धंदा म्हणून येतं. अकोल्याच्या उत्तरेला दहीहंडा गाव आहे, त्या बाजूला मिठाच्या विहिरी होत्या. शंभर फुटांच्याही खाली खणायचं, रेतीचा थर लागला की अतिखारं पाणी मिळायचं. ते वर काढायचं, उथळ वाफ्यांत पसरायचं, वऱ्हाडच्या उन्हानं उडू द्यायचं. खाली मीठ. अहो, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत मिठागरं! आमची वावरातली विहीर तसली नव्हे, ती एवढी खोलही नाही. पण पाणी त्याच घरचं.

त्या काळी मीठ म्हणजे काय चीज होती हे आपल्याला आता कळणं अवघड आहे. आपण किराण्याच्या यादीत शेवटी लिहितो. तेव्हा लमाणांचे तांडे बैलांवर लादून कोकणातून मीठ आणायचे आणि इथून कापूस न्यायचे. आणि इंग्रज सरकारनं मिठावर जबर कर बसवला होता. त्यातही ठिकाणाप्रमाणे फरक. १८६० च्या दशकाच्या शेवटी बंगाल इलाख्यात मणामागं सव्वातीन रुपये, तर मुंबई-मद्रासकडं दोन रुपयांच्याही आत. एवढा फरक असल्यावर चोरटं मीठ इकडून तिकडं जाणारच. मग सरकारनं काय केलं? कुंपण घातलं.

अतिशयोक्ती करत नाही. मिठाची चोरी अडवायला देशाच्या मधोमध चौक्यांची एक रेषा आखली होती, सुमारे ४,००० किलोमीटर लांब, त्यावर बारा-चौदा हजार माणसं पहाऱ्याला. आणि तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, थोर, निवडुंग लावून जिवंत काटेरी कुंपण उभं केलं होतं. या कुंपणाला खरा जोर लावला तो ॲलन ह्यूमनं. हो, तोच ह्यूम, ज्यानं पुढं १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८६७ ते १८७० तो या खात्याचा कमिशनर होता. आता बसल्या जागी घट्ट बसा: हे कुंपण पंजाबातून निघून येऊन कुठं थांबत होतं? बुऱ्हाणपूरला. जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडला की जे बुऱ्हाणपूर लागतं, जिथं आमच्याकडचे लोक लग्नाचे कपडे घ्यायला जातात, तेच. १ एप्रिल १८७९ ला ही रेषा बंद झाली आणि कुंपण शेतकऱ्यांच्या सरपणात गेलं असावं. आज शोधूनही क्वचितच कुठं त्याचा माग सापडतो.

दरम्यान इकडं रेल्वे आली. १८६७ साली मुंबईची गाडी नागपूरपर्यंत पोचली, १८७० साली व्हाइसरॉय मेयो स्वतः खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला आला. त्याला हवा होता कापूस. पण कापूस न्यायला आलेले डबे रिकामे थोडेच येतात? मुंबईकडचं मीठ स्वस्तात येऊ लागलं. विहिरीचं मीठ त्यापुढं टिकेना, आणि सरकारनंही ते काढायला बंदी केली. वाफे बुजले. मीठ पिकवणारं पाणी त्या दिवसापासून नुसतं खारं पाणी झालं. मला विचाराल तर आमच्या पट्ट्याचं नशीब तिथं फिरलं, पावसानं नाही.

पण गोष्ट तिथं संपत नाही. ६ एप्रिल १९३०. गांधीजी दांडीला मूठभर मीठ उचलतात. देशभर लोक म्हणतात, आपणही कायदा मोडू. समुद्रकिनाऱ्यावर ठीक आहे हो, पण विदर्भानं काय करायचं? पुसदला त्याच वर्षी जुलैत लोकनायक अण्यांनी जंगलात गवत कापून सत्याग्रह केला, कारण मीठ आणायचं कुठून हा प्रश्न होता. वऱ्हाडातल्या लोकांना मात्र आपल्या आजोबांच्या विहिरी आठवल्या. एप्रिल १९३० मध्येच सत्याग्रही दहीहंड्याला गेले, खाऱ्या विहिरीचं पाणी काढलं, आटवलं आणि मीठ केलं. कायदा मोडला. ज्या पाण्यामुळं पोरी द्यायला लोक नको म्हणायचे, त्याच पाण्यानं आम्हाला दांडीच्या रांगेत उभं केलं. शाळेच्या पुस्तकात दांडी होती, दहीहंडा मला नंतर, पुण्यात, एका लायब्ररीत भेटलं. त्या दिवशी मला थोडा रागच आला होता.

आता आजचं. माझे काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. आमच्या गल्लीत ते एकटे नाहीत. किडनीच्या आजारासाठी आमच्या भागाचं नाव पेपरात सारखं येतं. अभ्यासक एकाच कारणावर बोट ठेवत नाहीत, पण गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच, "पाणी." शेगावकडच्या काही गावांत मागं लोकांचे केस गळायला लागले तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूरसाठी १४० गावांची पाणीयोजना आहे, नळाला गोडं पाणी येतं. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी कॅन विकत घ्यायचा, नाहीतर परत विहीर. म्हणून मी कुणाला असं म्हणणार नाही की खाऱ्या पाण्याचा अभिमान बाळगा. काकांसमोर बसून मला ते म्हणता यायचं नाही.

पण बुजवणं वेगळं. दिवाळीतच मी भावाला घेऊन विहिरीवर गेले, ऑनलाइन मागवलेला टीडीएस मीटर घेऊन. पिण्याच्या पाण्याला दुसरं काहीच नसेल तर वरची मर्यादा २००० धरतात. आमच्या मीटरनं ती कधीच मागं टाकली. भाऊ म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो." मग मी घरी येऊन पातेलंभर पाणी गाळून चुलीवर ठेवलं. आजी शेजारी बसली. दुपार गेली. तळाशी करडी-पांढरी खरड उरली, चमचाभर. चाखू नका असलं काही, नुसतं मीठ नसतं त्यात. आजीनं ती बोटानं खरवडून कागदाच्या पुडीत बांधली आणि म्हणाली, तिचा सासरा सांगायचा की पूर्वी लोक असंच मीठ काढायचे, आणि शिपाई आला की वाफ्यावर माती लोटायचे. एवढी वर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

जेसीबीवाला परत गेला. भावानं विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची ठरवलीय, वासरासाठी. तुमच्या गावात, आजोळी कुणी असं मीठ काढल्याचं सांगत असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. फोन आडवा नका धरू, फॅन बंद करा, आणि मध्ये बोलू नका. भेटू पुढच्या भागात.