पोटमाळ्यावरचा विषारी वायू

फुकट मिळालेला त्रास माणसाला सहन होत नाही. तोच त्रास पदरचे पैसे मोडून विकत घेतला, की त्याला छंद म्हणतात. लिफ्ट बंद पडली म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीचा दोन जिन्यांवरून उद्धार करणारा गृहस्थ रविवारी पहाटे चारला उठून, पाठीवर बोचकं घेऊन हरिश्चंद्रगड चढायला जातो आणि सोमवारी पायाचे फोड ऑफिसभर दाखवत हिंडतो. तेव्हा माणसं मुद्दाम अवघड व्हिडिओ गेम का खेळतात, याचं मला फारसं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं, आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. भिऊ नका, सनावळ्या मोजक्याच आहेत. शिवाय मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे इतिहासाविषयी माझा कसलाच पूर्वग्रह नाही. पूर्वग्रह व्हायला आधी विषय शिकावा लागतो.

ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर एक बोटाच्या पेराएवढा इसम असतो. त्याला चालता येतं आणि उडी मारता येते, बाकी काही येत नाही. (काही खात्यांत एवढ्यावर बढती मिळते.) त्याने फळीवरून फळीवर उड्या मारत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, वाटेतल्या वस्तू गोळा करायच्या, आणि कुठे काय आहे ते आपलं आपण शोधायचं. नकाशा कुणी देत नाही. जरा पाय घसरला की खलास.

या जातीचा एक मूळपुरुष म्हणजे १९८२ सालचा अमेरिकन 'पिटफॉल'. ॲक्टिव्हिजन कंपनीसाठी डेव्हिड क्रेन नावाच्या गृहस्थांनी तो लिहिला. जंगल, दलदल, मगरी, विंचू, आणि त्यातून धावणारा हॅरी. २० मिनिटांत ३२ खजिने गोळा करायचे. जंगलाचे पडदे २५५ आणि ते ज्या कार्ट्रिजमध्ये कोंबायचे तिच्यात जागा ४ किलोबाइट! हल्ली नातेवाइकांकडून सकाळी सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलाला याच्या कितीतरी पट जागा लागते. क्रेनसाहेबांनी युक्ती केली. २५५ चित्रं साठवलीच नाहीत. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचं एक चिमुकलं गणित साठवलं, आणि कुठे खड्डा, कुठे मगर, कुठे झाड हे त्या आकड्यावरून ठरवलं. गणित उलटंही चालायचं, त्यामुळे हॅरी मागे वळला तर मागे टाकलेलंच जंगल त्याला परत मिळायचं. ते कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं, तरी दर वेळी तेच असायचं. व्याजाचा तक्ता जपून ठेवण्याऐवजी सूत्र लक्षात ठेवावं, तसं.

आणि २०,००० गुण मिळवले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा, मग कंपनी एक कापडी बिल्ला पाठवायची. पुरावा जोडल्याशिवाय काही नाही! हे वाचल्यापासून मला त्या कंपनीविषयी घरोबा वाटू लागला आहे.

हे खेळ अवघड का असत, याचं निम्मं उत्तर त्या ४ किलोबाइटांतच आहे. माल थोडा, आणि गिऱ्हाइकाला तो महिनोन्‌महिने पुरला पाहिजे. मग काय करणार? तीन माणसांची आमटी सहा जणांना पुरवायची तर तिखट वाढवतात, त्यातलाच प्रकार.

आता ब्रिटनला चला. तिथे १९८० नंतरच्या वर्षांत झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा रबरी बटणांचा, वहीएवढा कॉम्प्युटर घरोघर झाला होता. तो टीव्हीला जोडायचा आणि गेम कॅसेटवरून चढवायचा. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज काही मिनिटं ऐकला की खेळ सुरू. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ या जेमतेम मिसरूड फुटलेल्या मुलाने या यंत्रासाठी 'मॅनिक मायनर' लिहिला. विली नावाचा खाणकामगार, २० गुहा, ३ जीव. गुहेतली हवा संपत चाललेली, पायाखालची जमीन ठिसूळ, आणि जरा उंचावरून पडला तरी विली गतप्राण. तीनही जीव गेले की वरून एक भलामोठा बूट यायचा आणि विलीला चिरडून टाकायचा. मग पुन्हा पहिल्या गुहेपासून. एकोणिसाव्या गुहेत मेलात तरी पहिल्यापासूनच!

पण गंमत अशी की या गुहांत दगाफटका नव्हता. पहारा देणारे विचित्र प्राणी ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने येरझारा घालत. आमच्या हेड कॅशियरची चहाची वेळ चुकेल, पण त्यांची फेरी चुकायची नाही. मेलात, तर दोष कुणाचा हे सांगायला दुसरा माणूस लागत नसे.

पुढल्याच वर्षी, १९८४ साली, त्याच मुलाने 'जेट सेट विली' काढला. खाणीत मिळालेल्या पैशावर विलीने टोलेजंग वाडा घेतला आहे, दोस्तांना जंगी पार्टी दिली आहे, आणि आता त्याला झोप आली आहे. पण पलंगापुढे घर सांभाळणारी मारिया उभी. सगळा पसारा आवर, मगच झोप! जगातल्या समस्त विवाहित पुरुषांना या कथानकात अवास्तव काही दिसणार नाही. वाड्यात ६० खोल्या, आणि 'मॅनिक मायनर'सारखी ओळ नाही; वाटेल तिकडून वाटेल तिकडे भटका. प्रत्येक खोलीला पडद्यावर नाव दिलेलं. त्यांतल्या एकीचं नाव चक्क 'द बॅनियन ट्री'. इंग्रजाच्या वाड्यात आपला वड कसा उगवला कोण जाणे, पण त्या वडाखाली मेलेल्या विलींची गणती नाही.

खोलीत शिरताना विली जिथे असतो, मेल्यावर तो तिथेच पुन्हा उभा राहतो. आता तो वरून पडतापडता खोलीत शिरला असेल तर? पुन्हा तिथूनच पडतो, पुन्हा मरतो, आणि सगळे जीव संपेपर्यंत आपण हात बांधून बघत राहायचं. हप्ते थकलेल्या कर्जदाराला हा अनुभव नवा नाही.

इथवर सगळं ठीक. मग खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की एकदा पोटमाळ्यावर जाऊन आलं की वाड्यातल्या काही भलत्याच खोल्या जीवघेण्या होतात. पाऊल टाकलं की मेलात. का, ते कळेना. कंपनीला विचारलं. कंपनीने सांगितलं, हा बिघाड नव्हे, ही योजना आहे. त्या खोल्यांत विषारी वायू भरलेला आहे.

विषारी वायू! वाक्य वाचताच मी टाळी दिली. खरी गोष्ट अशी होती, की पोटमाळ्यावर उडणारा एक बाण पडद्याची हद्द ओलांडून यंत्राच्या स्मरणात पुढे घुसत होता आणि तिथे लिहून ठेवलेल्या इतर खोल्यांची माहिती खोडत होता. शिवाय एकदोन वस्तू मुळात हाती लागण्यासारख्याच नव्हत्या. म्हणजे हजारो पोरं शाळेचा अभ्यास सोडून जो वाडा आवरत होती, तो आवरून होणारच नव्हता. आणि हा खेळ पहिल्यांदा पुरा करणाऱ्याला शॅम्पेन आणि हेलिकॉप्टरची सफर बक्षीस लावलेलं!

या वायूचा वास मला ओळखीचा आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हाताने लिहायची लेजरं होती. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की घरी जायचं नाही. बाहेरच्याला ही शिक्षा वाटेल; पण रात्री साडेआठला, पंख्याखाली व्हाउचरं उडू नयेत म्हणून त्यांवर पंचिंग मशीन ठेवून, चौघे जण फरक शोधतायत यात एक मजा असते. फरकाला ९ ने भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत, दोनने भाग गेला तर जमेची रक्कम नावे पडली असण्याचा संभव. ही आमची मगर आणि हा आमचा विंचू. फरक या ढिगाऱ्यातच आहे याची खात्री असते म्हणून डोळे फुटेस्तोवर शोधतो. एका मार्चअखेरीला मात्र आम्ही तीन रात्री शोधत बसलो आणि चौथ्या दिवशी उमगलं की वरून आलेला आकडाच चुकीचा होता. वरच्या ऑफिसाने काय कळवावं? 'शाखेची दक्षता तपासण्याच्या दृष्टीने हे उपयुक्त ठरले.' त्या तीन रात्रींत कुणी कुरकुरलं नव्हतं. ते पत्र आल्यावर मात्र आमचे अकाउंटंटसाहेब, ज्यांच्या तोंडून वीस वर्षांत अपशब्द निघाला नव्हता, जे बोलले ते इथे छापता येणार नाही. तीन रात्रींचं जागरण त्यांना डाचलं नव्हतं, ती 'दक्षता' डाचली होती.

ब्रिटनच्या पोरांनी काय केलं? हेच ते माझं नवल. खेळ फेकून दिला नाही. दोन तरुणांनी खेळाचं पोटच फाडलं, आतले आकडे वाचले, चुकीचे बदलले, वाडा पुरा केला आणि बक्षीस मिळवलं. मग कंपनीनेही वायूची कथा गुंडाळली आणि त्यांनी काढलेले दुरुस्तीचे आकडे जाहीर केले. मासिकांत छापून आलेले ते आकडे टाइप केले की वाडा निर्धोक. गिऱ्हाइकाने बँकेचं लेजर दुरुस्त करून द्यावं आणि पुन्हा त्याच बँकेत खातं चालू ठेवावं, असं हे झालं. घर अवघड असायला त्यांची हरकत नव्हती. अवघड आहे तितकंच अवघड असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि वाडा आवरल्यावर काय मिळतं? मारिया पलंगापासून बाजूला होते, विली पलंगाला हात लावतो न लावतो तोच सुसाट धावत सुटतो आणि संडासात डोकं खुपसतो. संपला खेळ. पार्टीत जास्त झाली होती.

आमच्या वाट्याला हे स्पेक्ट्रम प्रकरण फारसं आलं नाही. आमच्याकडे १९९० नंतर आल्या त्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला. कार्ट्रिजवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत मोजून दहाबारा खेळ निघायचे. भाड्याने तासावर खेळायचं. खेळ मध्येच ठेवून उद्या पुढे, ही सोय नाही. आईने जेवायला हाक मारली की राज्य गेलं.

पुढे यंत्रं मोठी झाली, जागेचा तुटवडा संपला, खेळ हात धरून चालवू लागले. आता अवघड असायची गरज कुणालाच उरली नव्हती. आणि नेमकं तेव्हा काही माणसं मुद्दाम मागे वळली. जपानमध्ये एका छोट्या मंडळीने २००५ साली 'ला-मुलाना' फुकट वाटला. दिसायला हुबेहूब १९८० नंतरच्या एमएसएक्स कॉम्प्युटरवरचा; कोनामी कंपनीच्या १९८७ सालच्या 'मेझ ऑफ गॅलियस'वर या मंडळीची भक्ती. नायक पुराणवस्तूंचा प्राध्यापक, हातात चाबूक आणि सामानात चक्क एमएसएक्स. भग्नावशेषांत त्याला जुन्या गेमची कार्ट्रिजं सापडतात! शिलालेख वाचून कोडी उलगडायची, आणि एका दालनातल्या लेखाचं उत्तर भलत्याच दालनात. एक शिलालेख तर बजावतो, की मला पुन्हा वाचू नकोस. पुन्हा वाचला तर अख्खा खेळ आणखी अवघड होतो.

आमच्या चिरंजीवांनी तो पुन्हा वाचला. "नको म्हटलं की हटकून करायचं, हे कुठून आलंय ते मला ठाऊक आहे," असं म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं.

२०१० साली टेरी कॅव्हना या आयरिश माणसाने केलेल्या 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही'मध्येही विलीच्या वाड्यासारखी प्रत्येक खोलीला नावं आहेत. यातल्या कप्तानाला उडी मारताच येत नाही. फक्त खालचं वर आणि वरचं खाली करता येतं. एका खोलीत वाटेत घोट्याएवढा ठोकळा आहे. पलीकडे झगमगती वस्तू. तो ओलांडायला काट्याकुट्यांतून वरच्या कित्येक खोल्या चढून जायचं आणि तशाच काट्यांतून परत खाली यायचं. खोलीच्या नावाचा अर्थ, 'अवघड वाटेने करायची कामे'. एका सहीसाठी तीन विभाग फिरलेल्या माणसाला ही खोली घरच्यासारखी वाटेल. पण मेलात तर क्षणात जवळच उभं करतो, जीव मोजत नाही, बूट पडत नाही. शिक्षा ठेवली, अपमान काढून टाकला. ही सुधारणा मला फार मोठी वाटते.

चिरंजीव अजून 'ला-मुलाना'तच आहेत. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढतात, आणि त्यात एका चौकोनात महिनाभर प्रश्नचिन्ह आहे. मोबाइलवर उत्तर मिनिटात मिळेल, म्हटलं. तर अंगावर आले.

"बाबा, रस्ता आहे. मला सापडत नाहीये, एवढंच."

"असेलच कशावरून?"

"ज्यांनी केलाय त्यांनी ठेवला असणारच ना!"

मी त्याला पोटमाळ्याची गोष्ट सांगितली नाही. त्याला आलेखाचे आणखी दोन कागद हवे होते, ते काढून दिले.