वर्धेकडील खंजिरी-भजन

एका बाजूने कातडे ताणलेल्या आणि कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवलेल्या लहान चर्मवाद्याला खंजिरी म्हणतात. तिच्या ठेक्यावर गावकऱ्यांनी मिळून म्हटलेले वर्धा जिल्ह्यातील भजन दरबारी संगीतापेक्षा अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ मुलखातील फिडल-बँजो वादनाला अधिक जवळचे आहे. कारण दोन्हीकडे वाजवणारा बहुधा हौशी असतो आणि चाल कानानेच शिकली जाते.

या परंपरेला विसाव्या शतकात राजकीय धार आली ती खंजिरीवर भजने गाणाऱ्या संत तुकडोजी महाराजांमुळे. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेगावला, म्हणजेच पुढील सेवाग्रामला, सुमारे महिनाभर राहिले. गांधीजींच्या आश्रमातील संयत प्रार्थनेशेजारी खंजिरीचा कडकडाट हा विरोधाभासच होता, पण तो फलदायी ठरला.

ऑगस्ट १९४२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठाव झाले, रक्त सांडले आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. उठाव केवळ भजनांनी घडला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि जिथे वृत्तपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचता येत नव्हते, तिथे खंजिरी पोहोचत होती, हे नाकारता येत नाही.

महाराजांचे १९६८ मध्ये निधन झाले; खंजिरी-भजनाच्या स्पर्धा मात्र विदर्भात आजही भरतात.