दुष्फेन पाण्याची कॉफी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सुफेन' आणि 'दुष्फेन' हे शब्द होते, आठवतात? ज्यात साबणाचा फेस होतो ते पाणी सुफेन, होत नाही ते दुष्फेन. घरच्या कॉफीला कुठलं पाणी वापरावं हे शोधताना मी या शब्दांच्या मागे लागलो आणि गाडी पोचली थेट एकोणिसाव्या शतकातल्या साबणापर्यंत!

अ‍ॅबर्डीनला थॉमस क्लार्क नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४१ साली त्यांनी पाणी सुफेन करायचं पेटंट घेतलं. पाण्यात चुना घालायचा, की त्यातलं बायकार्बोनेट खडूसारखा साका होऊन तळाशी बसतं. त्यांची पाणी मोजायची रीतही सोपी होती. साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून हलवत राहायचं. टिकाऊ फेस यायला जितकं जास्त द्रावण लागेल, तितकं पाणी जास्त दुष्फेन.

आता यातली मेख बघा. साबणाला फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कळतं. त्यांच्या जोडीला बायकार्बोनेट आहे की सल्फेट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कपडे धुणाऱ्यालाही नाही. पण कॉफीला आहे! बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारतं. ते जास्त झालं की कॉफी सपक लागते आणि अगदीच नसलं तर आंबटपणा अंगावर येतो.

१९५५ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या क्षारांचा कॉफीच्या चवीवर होणारा परिणाम तपासून निबंध लिहिला. मग २०१४ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातला क्रिस्टोफर हेंडन आणि त्याच गावात कॉफीचं दुकान चालवणारं कोलोना-डॅशवुड जोडपं यांनी एकत्र निबंध लिहिला. हेंडन आपल्या जातकुळीतला, म्हणजे कॉम्प्युटरवर रसायनशास्त्र करणारा. त्यांच्या गणितानुसार कॉफीतल्या चवीच्या रेणूंना मॅग्नेशियम चांगलं धरतं, सोडियम जवळजवळ नाहीच.

थोडक्यात, एका आकड्यात दोन व्हेरिएबल्स कोंबलेले होते. अमेरिकन स्पेशालिटी कॉफी संघटनेच्या २००९ च्या मानकात ते वेगळे दिसतात: एका लिटरला कॅल्शियमचा दुष्फेनपणा ६८ मिलिग्रॅम, अल्कलीपणा ४० च्या आसपास.

आपला घरचा टीडीएस मीटर मात्र अजून क्लार्कच्या साबणापेक्षाही आंधळा. तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो. त्यामुळे मीठ घातलं तरी आकडा वाढतो.

मग करायचं काय? पाणी फार दुष्फेन असेल तर उकळून गार करा, साका बसला की वरचं निथळून घ्या. बायकार्बोनेट बरंच कमी होतं. आरओचं पाणी अगदीच कोरं असेल तर त्यात थोडं नळाचं गाळून उकळलेलं मिसळून बघा. भरपूर दूध घालणाऱ्यांना फरक कमी कळेल, काळी कॉफी पिणाऱ्यांना लगेच. 'जितकं शुद्ध तितकं चांगलं' हा नियम पिण्याच्या पाण्याला लावा हवा तर, कॉफीला नको.