हेलियम, विजयदुर्ग आणि पदार्थाच्या अवस्था

स्थायूत कण जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून सरकतात, वायूत मोकाट सुटतात. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण एकच मूलद्रव्य घेऊन या सगळ्या अवस्था बघायच्या असतील तर हेलियम घ्या. त्याची गोष्ट निम्मी आपल्याच भागातली आहे, आणि त्यातच एक घोळ आहे.

आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' पुरावा म्हणून दाखवले जातात. आता तारखा तपासू. त्या दिवशी फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणमला, तर लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होता! वॉर ऑफिसातली नोकरी सांभाळून तो वेध घ्यायचा. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. तिथून नव्या मूलद्रव्याची कल्पना आली.

मग ओटे खोटे का? नाही. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला लॉकियर खरंच विजयदुर्गला आला होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, पण ग्रहण दुसरं. तीस वर्षांचं अंतर असलेल्या दोन घटना एकात मिसळल्या असं दिसतं. आणि १८९८ पर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडला होता: १८९५ मध्ये रॅम्झेने तो युरेनियमच्या खनिजातून वेगळा केला.

आता कणांकडे येऊ. सूर्यावर तापमान इतकं की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात. ही चौथी अवस्था, प्लाझ्मा. कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणू असे फुटतील, याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं. त्यामुळे वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्याचं तापमान काढता येऊ लागलं.

उलट टोकाला गंमत वेगळी. जळगावच्या मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा आठवा आणि तिथून उणे २६९ अंशांपर्यंत खाली या. तेव्हा कुठे हेलियम द्रव होतो. कामरलिंग ओनेसने हे १९०८ मध्ये लायडनला करून दाखवलं. इतकं थंड का करावं लागतं? कारण हेलियमच्या अणूंमधलं आकर्षण फारच क्षीण आहे. अणू हलकेही आहेत. त्यामुळे पुंजभौतिकीच्या नियमाने शून्य केल्व्हिनजवळही त्यांची हालचाल थांबत नाही, आणि साध्या दाबाला हेलियम गोठतच नाही. १९२६ मध्ये केसोमने साधारण २५ पट दाब दिला तेव्हा तो स्थायू झाला. द्रव हेलियम २.१७ केल्व्हिनच्या खाली नेला तर तो घर्षणाशिवाय वाहतो. ही अतिप्रवाही अवस्था १९३८ मध्ये जगापुढे आली. 'तीन अवस्था' हे वर्गीकरण म्हणजे सोय आहे, निसर्गाची मर्यादा नाही.

मित्रांनो, हे सगळं सांगायचं कारण असं. आपल्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण म्हणजे विषयाचा इतिहास, आणि तो बहुतेक वेळा आधीच्या प्रबंधातून जसाच्या तसा उचलला जातो. चुकीची तारीख अशीच पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी "हे कुठून घेतलं?" असं विचारलं, तर "सगळे असंच लिहितात" हे उत्तर चालत नाही. माणूस, जागा आणि तारीख या तिन्ही गोष्टी मूळ अहवालात वेगवेगळ्या तपासा. विजयदुर्गला जाल तेव्हा ओट्यांवर जरूर उभे राहा, पण १८९८ आठवून.