मूल अकादमीत देताना : फुटबॉलचा इतिहास आणि आईचे प्रश्न



आपल्या कोलाड-रोहा पट्ट्यात मैदान म्हटलं की आधी कबड्डी आठवते. पण रोह्याहून पनवेलची गाडी धरली, तर पुढे नेरूळ काही फार लांब नाही. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. २०२२ मध्ये त्याच वयाच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला आणि स्पेनच्या मुलींनी तो जिंकला. नवी मुंबईतच घणसोलीला फुटबॉलची निवासी अकादमीही आहे. तेव्हा 'तुमच्या मुलाला, मुलीला अकादमीत द्या' असं उद्या आपल्याही दारात कुणी म्हणू शकतं. त्या वेळी काय विचारायचं, हे या खेळाचा इतिहास पाहिला की कळतं.

महाराष्ट्रात फुटबॉलचं सगळ्यात मोठं वेड कोल्हापूरला. तिथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या पोरांनी फुटबॉलही जवळ केला. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. या व्यवस्थेत पोरगं खेळायचं गल्लीतल्या संघाकडून आणि जेवायला यायचं आईच्या ताटावर. खेळ सुटला तरी घर सुटत नव्हतं.

मुंबईत दुसरी रीत होती. मफतलाल, टाटा, एअर इंडिया, रेल्वे यांचे फुटबॉल संघ होते. चांगला खेळाडू दिसला की कंपनी त्याला नोकरी द्यायची. आपल्या कोकणातून गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांना जसा पगार, तसा या खेळाडूंनाही. गुडघा दुखावला, वय झालं, तरी नोकरी राहायची. मैदानातला माणूस पुढे टेबलावर बसून निवृत्त व्हायचा.

मग रीत बदलली. जमशेदपूरला १९८७ मध्ये टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली. मुलांनी तिथेच राहायचं, तिथेच खायचं, तिथेच शिकायचं. परदेशात हे आधीपासून होतं. स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबाने १९७९ मध्ये मैदानाजवळच्या एका जुन्या शेतघरात लांबून आलेल्या मुलांची राहायची सोय केली. त्या घराला 'ला मासिया' म्हणतात. मेस्सी २००० साली अर्जेंटिनाहून त्याच क्लबात आला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

फरक लक्षात घ्या. चाकरमानी गेला तो कमावता होऊन गेला. अकादमीत जातं ते बारा-तेरा वर्षांचं लेकरू. त्याला पगार नसतो, नोकरीची हमी नसते. क्लब त्याच्यावर खर्च करतो तो पुढे खेळाडू तयार होईल या आशेवर. म्हणून प्रश्न असा पडतो, की क्लबच बंद पडला तर?

हे आपल्या पुण्यात घडलेलं आहे. २००७ मध्ये पुणे एफसी हा क्लब उभा राहिला. त्याने २०११ मध्ये अकादमी काढली आणि तिथल्या मुलांनी देशपातळीवरच्या तरुणांच्या स्पर्धा जिंकल्या. तरीही २०१५ मध्ये क्लब बंद झाला. अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. तो क्लबही २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मध्ये डीएसके शिवाजीयन्स होता. त्याची अकादमी इंग्लंडच्या नामांकित लिव्हरपूल क्लबाशी जोडलेली होती. मालक बांधकाम व्यवसायातले. २०१७ मध्ये हा संघही मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडला. त्याआधी मुंबईत महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली होती. तोही संघ २०१० मध्ये मोडला. या संघांना मैदानावरच्या हारजितीने संपवलं नाही. मालकांचा हिशेब बदलला आणि ते मिटले.

म्हणजे मुलांना पाठवूच नये का? तसंही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयात घर सोडून पुण्यात सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. २०१७ च्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला. पुढे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात सरावाला जाऊन आला आणि देशातल्या मोठ्या क्लबांकडून खेळला. त्या विश्वचषकातल्या मुलांसाठी महासंघाने 'इंडियन ॲरोज' हा संघ चालवला होता. तोही २०२२ मध्ये बंद झाला. पण ज्यांचे पाय तोवर रोवले गेले होते, ते पुढे गेले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या भारतीय मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना एका सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावलं गेलं आणि पुढे पदावरून काढलं. म्हणून मुलीला खेळू द्यायचं नाही, असा याचा अर्थ काढू नका. मुलींच्या वसतिगृहात बाई अधीक्षक कोण, दौऱ्यावर सोबत कोण, तक्रार कुणाकडे करायची, हे आधी विचारायचं. लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. तो मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे.

आश्रमशाळेत मूल ठेवताना आपण काय काय पाहतो? पाणी, संडास, जेवण, बाईंचा स्वभाव. तसंच इथेही पाहायचं. आणि काही प्रश्न खास विचारायचे.

पहिला प्रश्न : ही निवासी अकादमी आहे, की क्लबाचं नाव लावून फी घेणारा वर्ग? दोन्ही चालतात, पण दोन्ही एक नव्हेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादमींना मान्यता देतो. ती आहे का?

दुसरा : शाळा कोणती? दहावी-बारावीची परीक्षा मुलाच्या नावावर कुठून होणार? क्लब बुडाला तर हेच शिक्षण हाताशी राहतं.

तिसरा : दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? कधी काढून टाकलं, तर सांगणार कोण आणि किती दिवस आधी?

चौथा : कागदावर काय लिहिलं आहे? जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, नियमाने अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. जन्मदाखला खरा हवा. वय चोरलं तर मनगटाच्या तपासणीत ते उघडं पडू शकतं.

अजून एक नियम ऐका. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबाने घेतला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. त्यासाठी मूल कोणत्या वर्षी कोणत्या क्लबाकडून खेळलं, याची नोंद ठेवतात. पहाटे उठून डबा करणाऱ्या, बुटांसाठी गटातून कर्ज काढणाऱ्या आईचा त्या हिशेबात कुठेच रकाना नाही. म्हणून आपला हिशेब आपणच ठेवायचा. नोंदणीची पावती, ओळखपत्र, कराराची प्रत घरच्या पेटीत जपायची.

कुणाच्या घरी असा कागद आला, तर सहीची घाई करू नका. गटाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचून घ्या. जे कळत नाही, ते शाळेतल्या बाईंना विचारा. चार डोकी मिळून वाचलं, तर मूल जाईल ते चांगल्या जागीच जाईल. आणि परत आलं, तर त्याच्या हातात दहावीचं प्रमाणपत्र असेल, आणि घरचं दार तर उघडंच आहे.