मत आणि मताधिकार

हिंदीतला ‘मतदाता’ मराठीत आणताना मी क्षणभर थांबतेच. तो देणारा. आपला ‘मतदार’ जमीनदार, वतनदार यांच्या पंक्तीतला, मत जवळ बाळगणारा. आणि मत म्हणजे मतपेटीतले, तसेच स्वतःचे म्हणणेही. पक्षांना तरुणांकडून यांपैकी नेमके काय हवे होते, हे मी जुन्या गोष्टींत शोधत असते.

1941 साली पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले. दलप्रमुख एस. एम. जोशी, पाठीशी काँग्रेसमधले समाजवादी. शाखेत येणाऱ्या मुलामुलींना मताधिकार नव्हता, पण काम होते: खेळ, गाणी, सफाई, बौद्धिके आणि बौद्धिकांनंतरचे वाद. मुली मुलांबरोबर एकाच मैदानावर, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. दलाचे कलापथक गावोगाव हिंडे. पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. पुढाऱ्यांवर हसायला राजकारणातल्याच माणसांनी पोरांना रंगमंच द्यावा, याचे मला अजून अप्रूप वाटते. निवडणुकीत याचा उपयोग? 1951-52 मध्ये समाजवादी पक्षाला लोकसभेच्या जेमतेम 12 जागा मिळाल्या. जमाखर्च मांडला तर सगळे बुडीत खाते. पण मृणाल गोरे त्याच मुशीतल्या, आणि निळू फुलेही.

मग 1988. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले; 28 मार्च 1989 पासून ती लागू झाली. राजीव गांधींचे सरकार तेव्हा होते. त्याच नोव्हेंबरात काँग्रेस चारशेहून अधिक जागांवरून 197 वर आली. नव्या मतदारांनी कोणाला कौल दिला ते मतपेटी सांगत नाही, पण ओवाळणी घालून मते मिळत नाहीत एवढे दिसले. उमेदवारीचे वय मात्र 25 च राहिले. मत द्या, तिकीट मागू नका.

महाराष्ट्रात तर आणखी गंमत. हाणामाऱ्यांचे कारण पुढे करून (ते खोटे नव्हते) 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या निवडणुका संपवल्या आणि प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. खासदार निवडण्याइतकी शहाणी ठरलेली मुलगी वर्गप्रतिनिधी निवडण्याइतकी शहाणी उरली नाही. 2016 च्या कायद्याने त्या निवडणुका परत आणल्या, कागदावर. 2019 मध्ये त्या घ्यायचे ठरले आणि पुढे ढकलल्या गेल्या.