तागडीतला देव आणि दायमाबादचा रथ

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे अध्यक्षाबाईंनी सुचविले, तेव्हा मला आमच्या देवघरातील बाळकृष्ण आठवला. दसऱ्याला मी तो चिंचेने घासत होते. वर्षानुवर्षे घासून त्याचे नाक-डोळे सपाट झाले आहेत. सूनबाई म्हणाली, "आई, हा मोडीत देऊन नवा घेऊ या." जुन्या शहरातील कासाराने तो तागडीत टाकला आणि वजनावर भाव सांगितला. सासूबाईंचा देव मला तागडीत पाहवेना. तसाच परत आणला.

भगिनींनो, अशीच तागडी एका फार मोठ्या ठेव्याच्याही नशिबी येऊ शकली असती. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना चार धातुशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोहून अधिक. रथ ४५ सेंटिमीटर लांब, आणि त्यावर उभा सारथी अवघा १६ सेंटिमीटरचा!

अशी शिल्पे कशी घडवीत? आधी मेणाचा नमुना करावयाचा, त्यावर मातीचा लेप द्यावयाचा व तो भाजावयाचा. मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत तापलेला रस ओततात. तांब्यात कथील मिसळले की ब्राँझ होते. कल्हईवाला आपल्या भांड्यांना लावतो तेच हे कथील.

साळी, ढवळीकर आदी संशोधकांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. पुढे डी. पी. अगरवाल यांनी धातूचे पृथक्करण पाहिले. त्यात सोमल एक टक्क्याहून अधिक निघाला. त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असा मिलाफ आढळत नाही, म्हणून शिल्पे बरीच नंतरची असावीत, असे त्यांचे म्हणणे पडले. उलट, सिंधू संस्कृतीच्या काही तांब्याच्या वस्तूंत सोमल सापडतो, हेही खरे.

मग निवाडा कोणी करावा? पृथक्करणाने धातूत काय आहे ते कळते; तो केव्हा ओतला ते नेमके कळत नाही. कर्ब-१४ची कसोटी लाकडा-कोळशाला लागते, धातूला नाही. वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, हीच खरी साक्ष. ती खणतानाच विस्कटली होती. १९७५ ते १९७९ पर्यंत तेथे उत्खनन झाले, तरी वाद पुरता मिटला नाही.

आपल्या वऱ्हाडच्या मातीतही असे धन आहे. मूर्तिजापूरकडच्या राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या संग्रहालयात आहेत. म्हणून माझी एवढीच विनंती: शेतात, पायाभरणीत काही जुने दिसले तर उपसू नका, चिंच-राखेने घासू नका, मोडीत घालू नका. अंगावरचा हिरवट थरसुद्धा जाणत्याला पुष्कळ सांगतो. जागच्या जागी ठेवून तहसील कचेरीत कळवा.

आमचा बाळकृष्ण काही प्राचीन नव्हे. पण आता मी त्याला नुसत्या ओल्या फडक्याने पुसते.